गुलाबाच्या लोहाची बाटली

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बाबांना नाही, आईला नाही, ज्यांच्यासोबत एका सतरंजीवर बसून पत्रकांच्या घड्या घातल्या त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझं ‘चुकायचा हक्क’ हे पत्रक कदाचित वाचलं असेल. वाचलं असेल तर माझ्याबद्दल तुमचं मत चांगलं झालं असेल. त्या चांगल्या मतावर मी काही वर्षं काढली — सभांची बोलावणी आली, लेख मागितले गेले, आता पुस्तक निघतंय — आणि मी थकले आहे. पश्चात्ताप म्हणत नाही. तो शब्द मी दुसऱ्यांसाठी इतक्यांदा वापरलाय की स्वतःसाठी उचलायला गेले तर त्याला धारच उरलेली नाही.

कुठून सुरुवात करू? पत्रकापासूनच करते. त्यात मी चांगली दिसते, म्हणून तिथून सोपं जाईल.

एका कागदाचं, पाठपोट छापलेलं पत्रक. वसमत रस्त्यावरच्या एका टिश्यू कल्चर लॅबमधून गयाताई नावाच्या बाईला कामावरून काढलं, त्याविरुद्ध. लॅबचं नाव इथं लिहीत नाही. तेव्हा लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. गयाताईच्या हातून म्हणे चूक झाली आणि गुलाबाची रोपं पिवळी पडली. मी विचारलं होतं — मालकाचं चुकलं तर त्याला तोटा म्हणतात, मग बाईचं चुकलं तर तिला घरी का पाठवतात? जुनं मीटर, दिवसभर उभ्यानं काम, टेकायला साधं स्टूल नाही — अशा जागी माणूस चुकणार नाही तर काय होईल? चुकायचा हक्क फक्त पगार देणाऱ्यालाच आहे का? अशी प्रश्नचिन्हं ओळीनं. लोकांना फार आवडलं. फोनवरून फिरलं. कनेरगाव नाक्यावरच्या एका धाब्यात हात धुवायच्या जागेवर कोणीतरी ते चिकटवलेलं मी स्वतः पाहिलं, आणि — खोटं कशाला बोलू — हात पुसता पुसता पुन्हा एकदा सगळं वाचलं.

त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही पटतं. अडचण ती नाही. अडचण वेगळी आहे, आणि मी तिच्याभोवती फिरते आहे हे मला कळतंय.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते. तिकिटांच्या शेजारी त्यांच्या पिशवीत पत्रकं असायची. उतरणाऱ्या माणसाच्या हातात सुट्ट्या पैशांसोबत एक पत्रक जायचं. घरात भिंतीवर दोन फोटो, आणि फोटोंखाली गठ्ठे — जयंतीचे, मोर्चाचे, वसतिगृहाच्या प्रश्नाचे. शाळेचं पुस्तक हातात यायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. बाबांचा एक नियम होता. पत्रकात गोल गोल लिहायचं नाही, ज्याचं चुकलं त्याचं नाव आलं पाहिजे. “नाव न्हाई तं पत्रक न्हाई,” ते म्हणायचे, “मंग ती नुसती रद्दी.” हा नियम मी पाळते असं सगळ्यांना वाटतं. बाबांनाही.

बीएस्सी झाल्यावर मी त्या लॅबमध्ये लागले. लॅब मुख्यतः केळीची. डोंगरकड्याकडचे केळीवाले तिथूनच रोपं नेत. केळीच्या कोंबाचा बारीकसा तुकडा घ्यायचा, काचेच्या बाटलीत गोडसर, थलथलीत माध्यमावर ठेवायचा, एकाची दहा रोपं करायची, दहाची शंभर. माती नाही, ऊन नाही. मांडणीवर रांगेनं बाटल्या आणि वर ट्यूबलाइट. रोपाला जे काही खायचं ते त्या बाटलीतल्या माध्यमातून. आपण देऊ तेवढंच. आपण दिलं नाही तर ते दुसरीकडे कुठं मुळं पसरून शोधू शकत नाही — हे वाक्य मी एका भाषणात वसतिगृहातल्या मुलांबद्दल वापरलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

माध्यम जिथं तयार होतं त्या खोलीला सगळे मीडिया रूम म्हणत. तिथं आम्ही दोघी. मी औषधं तोलून त्यांचे दाट द्राव, म्हणजे स्टॉक, तयार करायची. गयाताई ते स्टॉक मोजून पाण्यात मिसळायची, साखर घालायची, आणि शेवटी माध्यमाच्या आंबटपणाचं माप, म्हणजे पीएच, मीटरवर बघून ठरलेल्या आकड्यावर आणायची.

गयाताई डोंगरकड्याजवळच्या एका खेड्यातली. घरी थोडीशी शेती, नवरा आणि सासू. दहावीला गणितात राहिली होती आणि ते सगळ्यांना हसत सांगायची. बोलकी इतकी की टोपी-मास्क लावूनही तिचं तोंड चालूच. आदल्या दिवशीच्या मालिकेत कोणत्या सुनेनं काय केलं ते मला सकाळी ऐकावंच लागे. मला ती ‘पुढारीण’ म्हणायची. मी स्टुलासाठी, जेवणाच्या सुट्टीसाठी, उशिरापर्यंत थांबवून घेण्याबद्दल इन्चार्ज सरांशी भांडले की ती मागून म्हणायची, “वाढव बाई आवाज, वाढव. आमच्या पायाला तेवढंच बरं वाटून राहिलं.” ओळखपत्र गळ्यात घालून ती एसटीत बसायची, उतरेपर्यंत काढायची नाही. गावात तिला ‘लॅबवाली गया’ म्हणत. शेतात राबताना तिला कोणी कसलीवाली म्हटलं नव्हतं.

मग गुलाबाची ऑर्डर आली. केळीपलीकडचं पहिलंच मोठं काम. इन्चार्ज सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की गुलाब जमला तर गुलाबाची मीडिया रूम वेगळी होईल आणि ती गयाबाई सांभाळतील. त्या दिवशी गयाताईनं घरून शेवभाजीचा डबा जास्तीचा आणला होता — नाही, तो दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी ती नुसतीच गप्प होती. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आता गुलाबाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गुलाब बाटलीत नखरेल. केळी चालवून घेते. गुलाबाला लोह जरा कमी पडलं की कोवळी पानं पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा — जुन्या पानांना काही होत नाही, नवीन येतात तीच आजारी येतात. म्हणून सरांनी गुलाबासाठी लोहाचा स्टॉक वेगळा, जास्तीचा करायला सांगितला होता. तो करायची रीत अशी. हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवट क्षार, एका भांड्यात विरघळवायचा. ईडीटीए नावाची पांढरी पूड दुसऱ्या भांड्यात, गरम पाण्यात, पूर्ण विरघळेपर्यंत हलवत राहायची. ही पूड लोहाला धरून ठेवते. तिनं धरलं नाही तर लोह गंजून तळाला बसतं. मग एकात एक हळूहळू ओतायचं, ढवळत, घाई न करता. छान सोनेरी पिवळा रंग येतो. तो तपकिरी बाटलीत भरून फ्रिजमध्ये. एवढंच. काम अवघड नाही. फक्त थांबावं लागतं.

त्या दुपारी मला थांबायचं नव्हतं. हिंगोलीला सभा होती, तिथं माझं पत्रक वाचलं जाणार होतं, आणि बस चुकली असती. पाणी पुरतं गरम झालं नाही. पूड खाली तशीच दिसत होती — मला दिसत होती, हे लिहिलंच पाहिजे — आणि हिराकस केव्हाचा पाण्यात पडून होता. मी ओतलं. ढवळलं न ढवळलं. बाटलीत भरून निघून गेले. सभेचा विषय काय होता माहीत आहे? कामाच्या जागी सुरक्षितता आणि जबाबदारी.

सकाळी येऊन पाहिलं तर बाटलीच्या तळाशी गंजासारखा गाळ.

इथं काय करायचं असतं ते लॅबमधलं कोणीही सांगेल. ओतून द्यायचं, पुन्हा करायचं, सरांना सांगायचं. मी काय केलं? वरचं वरचं नितळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या बाटलीत काढून घेतलं, गाळ बेसिनमध्ये टाकला, आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. नितळ केलेला द्राव फार सुंदर दिसतो. त्यात काही बिघडलंय असं कोणाला वाटणार नाही. लोह तर बेसिनमधून गेलं होतं.

का? पूड संपत आली होती, नवी मागवायची तर सरांना कारण सांगावं लागलं असतं. आणि त्याच आठवड्यात मी सरांशी स्टुलावरून कडाक्याचं भांडले होते. मला वाटलं, हे माझी चूक शोधूनच राहिलेत. मी चुकले असं कळलं तर उद्यापासून माझ्या बोलण्याला कोण विचारणार? म्हणजे मी स्वतःला असं समजावलं की मी बायकांच्या लढ्यासाठी गप्प बसते आहे. हे कारण म्हणून सांगत नाही. मी किती लवकर एक चांगला शब्द शोधून काढला, ते सांगते आहे.

त्या बाटलीतून गुलाबाचं माध्यम होत राहिलं. रोपं त्यावर ठेवली गेली. आणि काही आठवड्यांत मांडण्या पिवळ्या दिसायला लागल्या. आधी एक रांग, मग सगळ्याच. कोवळी पानं कागदासारखी, त्यांत हिरव्या शिरांची जाळी. बायका बाटली उजेडाकडे धरून एकमेकींना दाखवायच्या. “कावीळ झाली गं लेकराला,” एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. गयाताई हसली नाही. ती एकेक बाटली उचलून बघत होती, परत ठेवत होती, परत उचलत होती.

मला मात्र पहिली बाटली पाहताच कळलं होतं.

तेव्हा तरी बोलले का? नाही. तेव्हा मी जे केलं ते पहिल्या घाईपेक्षा वाईट आहे. घाईत माणसाचा हात चुकतो. हे मी शांतपणे केलं. नवी पूड आली होती. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बाहेर डबे उघडून बसल्या असताना, मी लोहाचा स्टॉक पुन्हा तयार केला. या वेळी पाणी उकळेपर्यंत थांबले. पूड विरघळेपर्यंत थांबले. थेंब थेंब ओतला. सोनेरी रंग आला. जुन्या बाटलीतला उरलेला द्राव ओतून टाकला, तीच बाटली धुऊन तिच्यात नवा भरला, आणि फ्रिजमध्ये तिच्या जागेवर ठेवला. मग बाहेर जाऊन गयाताईच्या डब्यातली शेवभाजी खाल्ली.

दोन दिवसांनी सरांनी आम्हा दोघींना मीडिया रूममध्ये उभं केलं.

रोपाला लोह मिळत नाही याला दोन कारणं असू शकतात, ते म्हणाले. एक तर लोहच कमी पडलं. नाहीतर पीएच चढला, म्हणजे आंबटपणा घटला — तो चढला की लोह माध्यमात असूनही रोपाला घेता येत नाही. त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली, उजेडात धरली. सोनेरी.

“प्रज्ञा, स्टॉक तुझा. नीट झाला होता?”

“हो सर.”

बस, एवढंच बोलले. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून हजारो शब्द असतील. त्यांतल्या एकानंही कोणाचं जेवढं बिघडवलं नसेल तेवढं या एकानं बिघडवलं. सर गयाताईकडे वळले. पुढे त्यांनी मलाही अजून एक गोष्ट विचारली. ती लगेच लिहायला गेले आणि हात थांबला. शेवटी सांगते. टाळणार नाही.

सरांनी गुलाबाचं माध्यम काही दिवस दुसऱ्या बाईकडून करवून घेतलं. तोच स्टॉक, तीच साखर, तेच मीटर — फक्त गयाताई नाही. त्यावर ठेवलेली रोपं हिरवीगार आली. मग आणखी काय पुरावा पाहिजे होता? सर वाईट माणूस नव्हते. समोर दिसत होतं त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला. ते समोर मी मांडून ठेवलं होतं. ऑर्डर हातची गेली होती, पिवळ्या रोपांच्या बाटल्या उकळून रिकाम्या करायचं काम चालू होतं, आणि गयाताईला सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नका.

तिनं ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. मग पुन्हा उचललं, त्यावरचा फोटो पाहिला, म्हणाली, “फोटो तं लई भारी आला व्हता.” आणि ठेवून गेली.

मी काय केलं? मी पत्रक लिहिलं.

हे नीट ऐका, कारण यापुढं मी कितीही शब्द वापरले तरी हे याहून साधं होणार नाही. मला जिची चूक नव्हती हे पक्कं माहीत होतं, तिला मी हजारो लोकांसमोर चुकीबद्दल माफी दिली. तिच्या बाजूनं लढताना मी कुठंही लिहिलं नाही की तिनं चूक केली नाही. मी लिहिलं की चूक कोणाचीही होते. माझी चूक मी तिच्या पदरात घातली आणि वरून तिच्या पदराची बाजू घेतली. तेव्हा मला रडूही आलं होतं, लिहिताना. खरं रडू. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बाबांनी पत्रक वाचलं. चष्मा काढून म्हणाले, “असं लिवावं. नाव घेऊन.” नाव होतं. गयाताईचं पूर्ण नाव, गावासकट.

त्या नावाचं काय झालं हे मला नंतर हळूहळू कळलं. गयाताईनं गावात सांगितलं होतं की येणं-जाणं जमत नाही म्हणून आपणच काम सोडलं. कोणी जास्त विचारलं नव्हतं. पत्रक गावात पोचलं तेव्हा सगळ्यांना खरं कळलं — म्हणजे माझं खरं. ‘लॅबवाली गया’ची ‘गुलाबं मारलेली गया’ झाली. चेष्टेनंच, पण झाली. नांदेडकडच्या एका लॅबमध्ये ती विचारायला गेली. तिथल्या माणसानं नाव ऐकून फोनवर पत्रक उघडून दाखवलं. एकतर रोपं घालवणारी बाई, दुसरं म्हणजे पत्रक काढायला लावणारी बाई. कोण ठेवणार? मी मात्र त्याच पत्रकावर लॅब सोडली, आणि लोक म्हणाले, बघा, तत्त्वासाठी पोरीनं नोकरीवर लाथ मारली. मला लॅबमध्ये त्या फ्रिजसमोर उभं राहवत नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

या वर्षी माझ्या पत्रकांचं पुस्तक काढायचं ठरलं. पहिलं पत्रक अर्थातच तेच. प्रकाशक म्हणाले, त्या बाईंचा आत्ताचा एक फोटो मिळाला तर बघा. म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर सांगायलाच गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. पत्रकासारखी जुळत होती, म्हणून मोडत होते.

गयाताई आता हळदीच्या हंगामात वसमतला मजुरीनं जाते, एरवी शेतावर. हात हळदीनं पिवळे. मला पाहून ओरडलीच, “आगं बाई, पुढारीण! काहून इतकी वाळलीस? भाषनानं पोट भरत न्हाई वाटतं.” चहा टाकला. मालिकेचं सांगितलं — ती जुनी मालिका संपली, नवी काही खरी नाही. मग मला अंगणात नेलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात गुलाब लावलेला. देशी गुलाब, चांगला कमरेएवढा. आणि शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या.

“कायची कमी हाय गं ह्याला?” ती म्हणाली. “शेनखत घातलं, ताक घातलं.”

“लोह कमी पडतंय,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “म्हंजे माझ्या हाताचा गुन न्हाईच गेला म्हन की! गुलाब लावावा तं माझ्यासारखीनं!”

मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, पानाला बोट लावून, अगदी सहज — “पैले मला वाटायचं, मी तं बराबर करायची. मंग तू लिवलंस, चूक कोनाची बी व्हते. ते वाचलं आन् मला पटलं. झाली आसंल माझ्या हातून. लई हलकं वाटलं बघ तवा.” एक पिवळं पान खुडलं. “सरांनी तुला इचारलं, त्याचा बी मला राग न्हाई बरं का. तू तुझ्या कामात व्हतीस. तुला काय दिसनार?”

मी चहा प्यायले. फोटो काढला. तिनं फोटोसाठी पदर नीट केला आणि पिवळे हात मागं लपवले. मी बसनं परत आले.

आता ते शेवटचं. सरांनी विचारलेलं.

गयाताईची एक सवय होती. पीएच आणायचा म्हणजे थेंब थेंब टाकायचं आणि मीटरकडे बघत बसायचं. आकडा थरथरत असतो, मग एका जागी थांबतो. तो थांबला की ती मला हाक मारायची, “ये पुढारीण, बघ बरं, बराबर हाय का?” काही शंका होती म्हणून नाही. तिला एकटीनं बघायला करमायचं नाही. मी हातातलं काम सोडून जायचे, आकडा बघायचे, मान हलवायचे. गुलाबाच्या प्रत्येक माध्यमाला. एकदाही चुकलं नाही.

त्या दिवशी सरांनी तिला विचारलं, पीएच बरोबर होता कशावरून? ती म्हणाली, “प्रज्ञा पाहते ना सर रोज. इचारा तिला.” आणि माझ्याकडे बघितलं — घाबरून नाही, निर्धास्त. सरांनी विचारलं, “तू पाहिला होतास?”

मी म्हणाले, “मी माझ्या कामात असते, सर. माझं लक्ष नसतं.”

गयाताईनं मान खाली घातली.

पुस्तकात ते पत्रक पहिलं असणार आहे. त्याच्या आधी हे छापायला मी दिलं आहे. गयाताईचा फोटो त्यात नाही. पहिली प्रत तिच्याकडे जाईल. ती वाचते, सावकाश, ओठ हलवत, पण शेवटपर्यंत वाचते. बाबाही वाचतील. नाव घालून लिहिलं आहे.

मीटरवर पाच पूर्णांक आठ होतं. तेवढंच पाहिजे होतं. प्रत्येक वेळी मी पाहिलं होतं.